खुशालरावांच्या हातची गोळी

वास आला तेव्हा पार्बताबाईला वाटलं, कुठंतरी उंदीर मेला. माघ महिना, तूर नुकतीच घरात आलेली, पोत्यांच्या थप्पीमागे उंदरांचा सुकाळ. तिनं पदर कमरेला खोचला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना शिव्या देत एकेक पोतं सरकवलं. उंदीर नव्हता. मग देवघराच्या फळीखाली पाहिलं, कूलरच्या मागं पाहिलं, मोरीत दोन बादल्या पाणी ओतलं. वास जागचा हलेना. गोडसर, चिकट, नाकात शिरला की घशात उतरणारा. दुपारी भाकरीचा तुकडा तोंडात घेतला तर तुकड्यालाही तोच. तिनं ताट सारलं आणि शेवटी नाकाच्याच भरवशावर घरभर हिंडली. नाक तिला भावजयीच्या खाटेशी घेऊन गेलं.

कौशल्या खाटेवर बसून सुपात तूरडाळ पाखडत होती. बाहेर ऊन तापलेलं, तरी पायांवर गोधडी.

"पाय दाखव," पार्बताबाई म्हणाली.

"काही नाही झालं, बाई. थोडी हळद लावली हाये."

"हळदीले असा वास येते काय वो? दाखव."

कौशल्येनं आढेवेढे घेतले, पण नणंदेपुढं तिचं कधी चाललं नव्हतं. गोधडी निघाली. उजव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, ती ओली होती आणि सोडवताना कातड्यासकट निघते की काय असं वाटत होतं. आत अंगठ्याशेजारचं बोट. बोट कसलं, जांभळा गोळा. त्या बोटात चांदीचं जोडवं होतं हे माहीत होतं म्हणून कळायचं, नाहीतर दिसत काहीच नव्हतं. दोन्हीकडून मांस फुगून वर आलं होतं आणि जोडवं आत रुतून बसलं होतं. डाव्या पायातलं मुळातच सैल, म्हणून ते बोट बचावलं होतं. फटीतून पू येत होता आणि त्यात हळद कालवून त्याचा पिवळा चिखल झाला होता. पार्बताबाईनं पदर नाकाला लावला, आणि लगेच स्वतःची लाज वाटून काढला.

घर वलगावातलं, खुशालरावांचं. पार्बताबाई त्यांची थोरली बहीण. नवरा गेला त्याला बावीस वर्षं झाली, पोटी लेकरू नाही, म्हणून भावानं आणून ठेवलेली. घर भावाचं, चूल भावजयीची. पार्बताबाईच्या मालकीचं होतं ते फक्त तोंड, आणि त्याची धार तिनं कधी कमी होऊ दिली नव्हती. पण खरं सांगायचं तर भावापुढं तीही नमतं घ्यायची. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, असं ती स्वतःशी म्हणायची. म्हणणं सोपं असतं.

कौशल्येचे पाय सुजायला लागले ते दिवाळीनंतर. दोन्ही पाय, घोट्यापासून खाली, बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आता खेड्यात पायाची सूज म्हणजे ज्याला त्याला वैद्यकी सुचते. एकीनं वात सांगितला. दुसरीनं लोणचं बंद करायला लावलं. शेजारची आरती म्हणाली, माझ्या मामेसासऱ्यांचं असंच होतं, किडनी निघाली. आणि चहा पिऊन निघून गेली. मग कौशल्येला उठता-बसता घेरी यायला लागली. पौषात एकदा न्हाणीत पडली, कोपर फुटलं. त्यावर सगळ्या गावाचं एकच औषध, "वय झालं." हे दोन शब्द म्हणजे गंजक्या डब्याचं झाकण आहे, कशावरही बसतं. पासष्ट वर्षांची बाई घरात आपटली तर तिच्याकडं कोणी पाहायलाच नको, झाकण तयार.

औषधपाण्यात मात्र खुशालरावांनी कसूर केली नव्हती, म्हणजे असं सगळे म्हणत. भादव्यात अमरावतीला नेऊन कौशल्येचं बीपी तपासलं, वाढलेलं निघालं, रोज एक गोळी सुरू झाली. महिन्याभरानं पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. "गोळी चालू हाये नं, मंग काय दाखवाचं?" असं म्हणून ते जाणं राहिलं. पुढं खुशालराव मुलाकडं, गोपालकडं, अकोल्याला दहा दिवस राहून आले तर त्यांचंही बीपी निघालं. तेही पिशवीभर गोळ्या घेऊन परतले. "आता आमी जोडीनं बीपीवाले," असं ते ओट्यावर बसून लोकांना हसत सांगायचे.

आणि दिवाळीपासून तर त्यांनी एक नवीनच रीत पाडली. सकाळचा चहा झाला की स्वतः उठायचे, कपाटातली पिशवी काढायचे आणि बायकोच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवायचे. एक पांढरी, एक गुलाबी. पाण्याचा गिलासही स्वतः द्यायचे. ज्या माणसानं संसाराच्या सेहेचाळीस वर्षांत स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नाही, त्यानं बायकोला गिलास द्यावा, ही गोष्ट चार घरांत पोचायला वेळ लागला नाही. आरती म्हणाली, असा नवरा मिळायला पुण्याई लागते. पार्बताबाईलाही तेव्हा भावाचं कौतुक वाटलं होतं. तिनं ते बोलून दाखवलं होतं, दोनदा.

तर बोट पाहिलं तो बुधवार. पार्बताबाई तडक ओसरीवर गेली. खुशालराव बंगईवर झोके घेत पेपर वाचत होते.

"खुशाल, तुह्या बायकोचं बोट सडून राहिलं. सोनाराले बोलाव न जोडवं कापून काढ."

बंगई थांबली. "सडून कायचं राहिलं. सूज हाये. उतरन."

"तू पाहिलं काय?"

त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायला उठलेही नाहीत. पेपराची घडी घालत म्हणाले, "मी कोठी नाही म्हणतो, बाई? मी असलं काही मानत नाही. पण तिलेच नोको हाये. तिचं मन कायले मोडाचं?"

कौशल्येला नको होतं हे खरंच. "मालक बसले हायेत न मी जोडवं कापू? त्याईले काही झालं तं?" असं ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. नवरा जिवंत असताना जोडवं कापलं की त्याचं आयुष्य कापलं जातं, हे तिला आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं. त्यात तिचं काय चुकलं म्हणायचं. पण खुशालरावांचं? दहावी झालेले, सोसायटीत दोनदा निवडून आलेले, ग्रामसभेत अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारे खुशालराव. "मी मानत नाही" म्हणताना त्यांचा डावा हात आपल्या छातीवर गेला होता आणि तिथंच राहिला होता. पार्बताबाईनं ते पाहिलं. भाऊ मरणाला भ्याला होता, आणि आपलं मरण बायकोच्या बोटात अडकवून वर तिच्याच मनाची सबब सांगत होता. तिला किळस आली. पुवाची आली होती त्याहून जास्त.

तरी गुरुवारी देवानंद सोनाराला बोलावलं ते पार्बताबाईनंच, आरतीच्या फोनवरून. तो बारीक पकड घेऊन आला, चिंधी सोडली आणि तोंड फिरवून दोन वेळा खोकला.

"कापाव लागते, मावशी," तो म्हणाला. मग ओसरीकडं पाहिलं. "काय भाऊ, कापू?"

"तिले इचार."

"मायबाई, कापू?"

"त्याईले इचारा," कौशल्या म्हणाली.

देवानंद कधी आत पाही, कधी बाहेर. धंद्याचा माणूस, उद्या काही बरंवाईट झालं तर ह्याच हातानं कापलं असं गाव म्हणेल हे त्याला कळत होतं. "असं करा," तो म्हणाला, "नवीन जोडं घडवून आणतो. ह्या हातानं जुनं काढलं न त्या हातानं नवीन घातलं, मंग दोष नाही. दोन-तीन दिवस लागन."

"रविवारी अमावस्या हाये," ओसरीवरून आवाज आला. "ते होऊन जाऊ दे. सोमवारी ये."

"अरे, सोमवारपर्यंत बोट रायते काय?" पार्बताबाई म्हणाली.

"चार दिवसानं काय होते, बाई? तीन महिने झाले सुजून."

देवानंदानं पकड खिशात टाकली. जाताना दारात थांबून तो पार्बताबाईला हळूच म्हणाला, "तुमी डाक्टरले दाखवा." शहाणा माणूस. पण शहाणपण दाराबाहेर गेल्यावर सांगणारे शहाणे काय कामाचे.

तिनं आरतीला गोपालचा फोन लावायला सांगितलं. गोपाल अकोल्याच्या कॉलेजात शिकवतो, शनिवार-रविवार मोकळा असतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "आत्या, बाबा काय म्हणतात?"

"तुह्या बाबाचं बोट नाही सडून राहिलं. तुह्या मायचं सडून राहिलं."

"तसं नाही, आत्या. त्यांच्या मनाविरुद्ध केलं तर घरात नसती कटकट. मी येतो नं पुढच्या रविवारी. तोपर्यंत गरम पाण्यात मीठ टाकून शेका."

पार्बताबाईनं फोन आरतीच्या हातात दिला आणि पदराला हात पुसले.

शुक्रवारी तिनं स्वतः हात घातला. साबणाचं पाणी, खोबरेल, रेशमी दोरा. बोटाला दोरा घट्ट गुंडाळत जायचा आणि जोडवं वर सरकवायचं, अशी युक्ती तिला माहीत होती. कौशल्येनं पाय मागं ओढला.

"तुमी नोका हात लावू, बाई."

"दुखते काय?"

"दुखते त्याचं नाही." कौशल्येनं मान खाली घातली. "जोडव्याले तुमचा हात नोको."

विधवेचा हात. बावीस वर्षं एका चुलीवर भाकरी थापल्या दोघींनी, त्याच्याही आधी कौशल्येच्या दोन्ही बाळंतपणांत ह्याच हातांनी तिला न्हाऊ घातलं होतं. पार्बताबाईला आपल्याच पायांचं आठवलं. तिची जोडवी काढली तेव्हा कोणी अमावस्या पाहिली नव्हती. चार बायकांनी धरलं, पाचवीनं ओढली, डाव्या बोटाचं कातडं सोलून गेलं. तेव्हा घाई कोणाला खटकली नाही. बाईच्या पायातलं काढायचं असलं की घाई आणि राहू द्यायचं असलं तर मांस सडेपर्यंत धीर, हा सगळा हिशेब कोणाच्या सोयीचा आहे ते समजायला तिला शाळा लागली नाही.

शनिवारी सकाळी खाटेच्या पायाला मुंग्यांची रांग दिसली. लाल, बारीक. खालून चढत होत्या, गोधडीच्या कडेनं आत जात होत्या. पार्बताबाईनं गोधडी झटकन ओढली. मुंग्या चिंधीवर होत्या, चिंधीच्या आत होत्या, आणि कौशल्येला त्या चावतही नव्हत्या, म्हणजे चावलेलं कळत नव्हतं. बोटाचं टोक काळं पडलं होतं.

मग पार्बताबाईनं कोणाला विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या श्रावणला हाक मारून ऑटो दारात लावायला सांगितला. कौशल्येला म्हणाली, "नुसती पट्टी करून आणू. जोडव्याले कोणी हात लावत नाही." ही थाप होती आणि ती मारताना तिला काहीही वाटलं नाही. कपाटातली औषधांची पिशवी तिनं काखेत मारली. ऑटो सुरू होतो तोच खुशालराव टोपी घालून आले आणि श्रावणच्या शेजारी पुढं बसले.

"तू कायले येतं?"

"बायको हाये माही," खुशालराव म्हणाले.

अमरावतीला पोचेपर्यंत अर्धा तास त्यांनी मागं वळून एकदाही पाहिलं नाही. ऑटोत वास कोंडला होता. ते बाहेर तोंड काढून वारा खात होते.

डॉक्टर चारुशीलाबाईंचा दवाखाना छोटा, पण वर शस्त्रक्रियेची खोली होती. कौशल्येची पहिली गोळी ह्यांनीच लिहून दिली होती. त्यांनी चिंधी कापून काढली, बोट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला नाही, एवढ्यावरच पार्बताबाईला त्या बाईबद्दल आदर वाटला. मग त्यांनी दोन्ही पाय घोट्यावर दाबून पाहिले. बीपीचा पट्टा दंडाला बांधला. यंत्राकडं पाहून पुन्हा एकदा फुगवला.

"मावशी, जरा उभ्या राहा."

कौशल्या उभी राहिली आणि पार्बताबाईच्या अंगावर कलंडली. डॉक्टरांनी तिला परत टेबलावर निजवलं.

"इतकं कमी कसं? मी तर अगदी लहान डोस दिला होता. किती गोळ्या घेता रोजच्या?"

"दोन," पार्बताबाई म्हणाली. "खुशालच देते आपल्या हातानं." आणि तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली.

डॉक्टरांनी दोन पाकिटं उचलली. एक पांढऱ्या गोळ्यांचं, एक गुलाबी गोळ्यांचं. दोन्हीवरची बारीक अक्षरं त्यांनी चष्मा वर करून वाचली. "नावं वेगळी आहेत, आत औषध एकच आहे. ही माझी, पाचची. ही गुलाबी दहाची आहे. ही कोणी दिली?"

पिशवीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद होता. डॉक्टरांनी उलगडला. अकोल्याच्या कोणा डॉक्टरची चिठ्ठी. वर रुग्णाचं नाव होतं खुशालराव, वय सत्तर.

"ही तुमची गोळी आहे, काका?"

"हाव."

"मग ती मावशींना कशी काय?"

"दोन्ही बीपीच्याच हायेत नं," खुशालराव म्हणाले. "तिलेबी बीपीच हाये."

"आणि तुम्ही? तुम्ही काय घेता?"

"मी बंद केली. मले नाही सोसली." खुर्चीत ते जरा सावरून बसले. आपल्या दुखण्याचा विषय निघाला की त्यांना नेहमीच बोलावंसं वाटायचं. "चालू केली न आठ-दहा दिवसात पाय असे टम्म झाले माहे. नांदगावच्या साक्षगंधाले बूट घुसेना पायात, चपलीवर जावं लागलं. म्हटलं, ह्या गोळीचंच काम हाये. सोडली न आठ-पंधरा दिवसात पाय मोकळे."

"म्हणजे गोळीनं पाय सुजतात, हे तुम्हाला माहीत होतं."

"मले सुजत होते. तिची तं आधीच चालू होती तसलीच, तिले सोसते म्हटलं. गोपालनं चार महिन्याच्या एकदम घेऊन देल्ल्या होत्या. वाया घालवू काय?"

हे सगळं त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की पार्बताबाईला क्षणभर आपणच चुकीचं ऐकलं असं वाटलं. मग एकेक आठवायला लागलं. दसऱ्याच्या सुमाराला ह्याच भावाच्या सुजल्या पायांना तिनं तीन संध्याकाळी तेल चोळून दिलं होतं. प्रवासानं झालं असेल, असं तो म्हणाला होता. पुढं बायकोचे पाय सुजले, गावभर चर्चा झाली, वात झाला, लोणचं झालं, किडनी झाली, आणि हा रोज सकाळी तिच्या हातावर तीच गोळी ठेवून वर पाणी देत राहिला. तोंडातून चकार शब्द नाही. मारायचं म्हणून नाही, एवढी त्याची छातीच नाही. उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून. गाईला शिळी भाकर टाकतात तसं. आणि आपण दोनदा कौतुक केलं. पार्बताबाईला आपल्या जिभेचीही शिसारी आली.

"खुशाल," ती म्हणाली, "तीन महिने तुह्या डोळ्यासमोर होते तिचे पाय."

"मले वाटलं, वय झालं तिचं."

"तू तिच्याहून पाच वर्षानं मोठा हायेस."

ह्यावर खुशालरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

कौशल्या टेबलावर उताणी पडून छताकडं पाहत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकलं असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, फक्त टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती. डॉक्टर तिच्याजवळ वाकल्या. "मावशी, हे जोडवं आत्ता कापावं लागेल. तुम्ही सांगा. कापू?"

"उद्या अमावस्या हाये," खुशालराव कॅलेंडरकडं पाहतच म्हणाले. "सोमवारी..."

"कापा," कौशल्या म्हणाली.

खुशालराव उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी एक छोटं, दातेरी चाक असलेलं यंत्र आणलं. करकर आवाज येत होता आणि मध्येच थांबत होता, कारण चाक घसरून मांसात जाऊ नये म्हणून डॉक्टरांना पू पुसावा लागत होता. एका हातानं पुसायचं, एका हातानं कापायचं जमेना, तेव्हा पार्बताबाईनं न सांगता कापसाचा बोळा उचलला. कौशल्येनं पाय मागं घेतला नाही. दोन तुकडे ट्रेमध्ये पडले, काळे, बुळबुळीत. चांदी होती हे ओळखूही येत नव्हतं. जोडव्याखाली बोट जवळजवळ हाडापर्यंत चिरलं होतं आणि त्याच्या पुढचं सगळं काळं होतं.

डॉक्टरांनी बोटाला सुईनं टोचलं. वर टोचलं, खाली टोचलं. कौशल्येला काही कळलं नाही.

"पायाची सूज जाईल," त्या म्हणाल्या. "गुलाबी गोळी आजपासून बंद. पांढरीही बंद, बीपी पाहून मी दुसरी देईन. दहा-बारा दिवसांत पाय पूर्ववत होतील. घेरीही जाईल. पण हे बोट गेलं, मावशी. आज संध्याकाळीच काढावं लागेल, नाहीतर विष वर चढेल." मग थांबून, कोणाकडंही न पाहता म्हणाल्या, "बुधवारी-गुरुवारी आणलं असतं तर राहिलं असतं."

"लंगडी होईन काय?" कौशल्येनं विचारलं.

"नाही. चालाल नीट."

"मंग काढा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

पार्बताबाईनं भावजयीच्या डोक्याखाली आपली शाल घडी करून सारली. नर्स कागद आणायला गेली. आणि तेवढ्यात खुशालराव घसा खाकरून पुढं आले. कपाळावर घाम होता, एक हात छातीवर.

"डाक्टरीनबाई, माही छाती धडधडून राहिली. जरा माहं बीपी पायता काय?"

पार्बताबाईला वाटलं, आता ह्या बाई त्याला हाकलून देतील. तिनं मनातल्या मनात तशी प्रार्थनाही केली. पण डॉक्टर त्या डॉक्टर. त्यांनी कौशल्येच्या दंडाचा पट्टा सोडला आणि तोच खुशालरावांच्या दंडाला बांधला. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पलीकडं गेला.

"चार महिने काहीच घेत नाही तुम्ही. घरातल्या घरात जिवाशी खेळ चाललाय, काका. तुमच्याही." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "वेगळी गोळी देते. रोज एक. न विचारता बंद करायची नाही, आणि दुसऱ्या कोणाला द्यायची नाही."

खुशालरावांनी दोन्ही हातांनी चिठ्ठी घेतली. तिच्याकडं पाहिलं, उलटून पाहिलं. पलीकडं टेबलावर बायको, पायाशी ट्रे, ट्रेमध्ये जोडव्याचे तुकडे. त्यांनी आवाज जरा खाली आणून, अगदी काळजीनं विचारलं, "यानं पाय तं नाही नं सुजत?"

सेहेचाळीस वर्षांत कौशल्या चारचौघांत नवऱ्याशी सरळ बोलली नव्हती. जे सांगायचं ते कोणालातरी उद्देशून सांगायची. तिनं डोळे उघडले, मान वळवली आणि थेट त्यांच्याकडं पाहिलं.

"सुजले तं देजा मले," ती म्हणाली. "अजून नऊ बोटं हायेत माही."